वड्याचे तेल वांग्यावर

प्रश्न : आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात नोकरी करणारे आम्ही दोघे, नववीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. पिल्लू विकत न आणता शेल्टरमधले कुत्रे दत्तक घ्यायचे असे आम्ही ठरवले आणि तिथूनच मनस्ताप सुरू झाला. पहिल्या शेल्टरने चार पानांचा फॉर्म भरून घेतला, पगार विचारला, माणसे घर पाहून गेली आणि महिन्याभराने ‘बाल्कनीला जाळी नाही, दिवसा घरी लक्ष देणारे कोणी नाही’ असा एका ओळीचा नकार मोबाइलवर आला. सासूबाई माळकरी आहेत. त्यांच्यासमोरच ‘कुत्र्याला मांसाहार देणार ना?’ असे विचारले, ते त्यांना फार लागले. दुसऱ्या शेल्टरने याच्या उलट अर्ध्या तासात दोन वर्षांची कुत्री आमच्या हाती दिली. तिचे नाव आम्ही तांबू ठेवले. आज अकरा दिवस झाले. ती दिवसभर पलंगाखाली बसते, आमच्यासमोर खात नाही, खाली नेले की नुसती थरथरते आणि वर आली की दारातल्या पायपुसण्यावर लघवी करते. तिच्या कानाचा तुकडा कापलेला आहे हे घरी आणल्यावर आमच्या लक्षात आले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून सासूबाई काठी घेऊन चालतात. परवा सकाळी त्या न्हाणीघराकडे निघाल्या तर ही त्यांच्यावर गुरगुरली. शेल्टरला फोन केला तर ‘वेळ द्या’ एवढेच उत्तर मिळाले. इतके सोसून आणली आणि ही अशी निघाली. ‘भीक नको पण कुत्रे आवर’ अशी आमची गत झाली आहे. यजमान म्हणतात, परत करू. परत करणे पाप आहे का? आणि चांगले काम करायला निघालेल्या माणसांना ही संशयिताची वागणूक कशासाठी?

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात मला ते एका कुत्रीविषयीचे पत्र वाटले आणि दुसऱ्या वाचनात लक्षात आले की त्यातला अर्ध्याहून अधिक राग माणसांवरचा आहे. फॉर्म, पगाराची चौकशी, एका ओळीचा नकार, सासूबाईंचा अपमान, न उचललेली जबाबदारी. यांपैकी एकही गोष्ट तांबूने केलेली नाही. तरीही तुमचे वाक्य ‘इतके सोसून आणली आणि ही अशी निघाली’ असे आहे. वड्याचे तेल वांग्यावर काढणे ते हेच. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, परंतु त्यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवल्याशिवाय तुम्हाला कोणताही निर्णय नीट घेता येणार नाही, म्हणून आधी माणसांची वही मिटवू.

मी काही वर्षे दर रविवारी एका शेल्टरमध्ये दत्तक घ्यायला आलेल्या लोकांचे फॉर्म भरून घेण्याचे काम करत असे. सुरुवातीला हे प्रश्न मलाही आगाऊपणाचे वाटत आणि मी त्यांतले निम्मे विचारतच नसे. एका तरुण जोडप्याला मी अशीच एक पांढरी कुत्री दिली. माणसे इतकी चांगली होती की घर भाड्याचे आहे का, घरमालकाला सांगितले आहे का, हे विचारायची मला लाज वाटली. तिसऱ्या आठवड्यात एक रिक्षा फाटकाशी थांबली. आत ती कुत्री, अर्धी संपलेली खाण्याची पिशवी आणि रडणारी ती मुलगी. घरमालकाने आठ दिवसांची मुदत दिली होती. रिक्षा वळून गेल्यावर ती कुत्री फाटकाच्या जाळीला नाक लावून अंधार पडेपर्यंत बसून राहिली, आणि पुढचे कित्येक दिवस कोणतीही रिक्षा थांबली की ती उठून उभी राहत असे. त्यानंतर मी एकही प्रश्न गाळला नाही. फॉर्मवरचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न असाच कोणत्या तरी परत आलेल्या कुत्र्याने लिहिलेला असतो. तुमच्या तोंडावर विचारला जातो म्हणून तो तुमच्यावरचा संशय वाटतो, एवढेच.

मात्र म्हणून शेल्टरवाल्यांचे सगळेच बरोबर, असे मी म्हणणार नाही. जाळीचा आग्रह रास्त होता. फटाक्याच्या एका आवाजाने बिथरलेले कुत्रे चौथ्या मजल्याचा कठडा ओलांडू शकते, आणि मी तुमच्या जागी असते तर हे पत्र लिहिण्याआधी जाळीवाल्याला फोन केला असता. पगार विचारणे गैर आहे. आजारपणाचा आणि लसींचा खर्च झेपेल का, एवढे विचारले तरी काम भागते. दोघेही नोकरी करतात म्हणून कुत्रे नाकारणे तर मला कधीच पटलेले नाही. पिल्लाची गोष्ट वेगळी. परंतु वाढलेले कुत्रे दिवसाचा मोठा भाग झोपूनच काढते, आणि सकाळ-संध्याकाळ नीट फिरवले व दुपारी कोणी एकदा खाली नेऊन आणले तर नोकरदारांच्या घरी ते उत्तम राहते. शिवाय तुमच्या घरी सासूबाई आहेत, त्यांना ‘कोणी नाही’ या सदरात टाकणे हा निव्वळ उद्धटपणा झाला. आणि महिनाभर ताटकळत ठेवून एका ओळीत नकार देणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे, की असे दुखावलेले कुटुंब पुढच्या रविवारी थेट पिल्ले विकणाऱ्याच्या दारात उभे राहते. तुम्ही तसे केले नाहीत, याचे मला खरोखर कौतुक आहे.

माझ्या मते तुमचा अधिक मोठा अपराधी दुसरे शेल्टर आहे, ज्यांच्याविषयी तुम्ही पत्रात जवळजवळ काहीच तक्रार केलेली नाही. अर्ध्या तासात कुत्री हाती देणे ही सोय नव्हती. त्यांनी तुम्हाला जे सांगायला हवे होते ते तिच्या कानावर लिहिलेले आहे. कानाच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची स्वच्छ खाच असेल, तर ती जखम किंवा क्रूरता नसून नसबंदीची खूण आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करताना, भूल उतरण्याआधीच, ती कापतात, म्हणजे तेच कुत्रे पुन्हा पकडले जाऊ नये. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही, रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री वगळता, हेच तत्त्व कायम ठेवले आणि ज्यांना भटके कुत्रे दत्तक घ्यायचे असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची, असे सांगितले. याचा तुमच्यापुरता अर्थ असा, की तांबू शेल्टरमध्ये जन्मलेली नाही. ती मोठी होईपर्यंत रस्त्यावर मोकळी राहिली असणार, मग केव्हा तरी जाळ्यात पकडली गेली, गाडीत घातली गेली, शस्त्रक्रिया झाली, आणि काही कारणाने परत न जाता पिंजऱ्यात राहिली. तुमचा फ्लॅट हे तिचे तिसरे आयुष्य आहे आणि यांतले एकही तिने निवडलेले नाही.

ही माहिती हाती असती तर अकरा दिवसांत तुम्हाला जे दिसले ते तुम्हाला इतके खुपले नसते. रस्त्यावरच्या कुत्र्याने डोक्यावर गरगरणारा पंखा पाहिलेला नसतो. लिफ्टचे दार मिटते आणि पायाखालची जमीन हलते, हा अनुभव त्याला नसतो. कुकरची शिट्टी ही तर आपल्या घरातली सर्वांत दचकवणारी वस्तू आहे. आपल्याला ती ऐकू येत नाही, इतके आपण तिला सरावलो आहोत. पलंगाखाली तीन बाजू बंद असतात आणि एकाच बाजूला लक्ष ठेवावे लागते, म्हणून ती तिथे बसते. तिला ओढून बाहेर काढू नका, वाकून हाका मारू नका, मोबाइल आत घालून फोटो काढू नका. मुलाला हे विशेष सांगा. पलंगाखाली एक जुनी चादर घाला, शेजारी पाण्याचे भांडे ठेवा आणि तिच्याकडे पाठ करून जवळच जमिनीवर बसून तुमचे काम करा. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन पोळी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे धावले, ही कथा सासूबाई तुम्हाला सांगतीलच. भक्तीच्या दृष्टीने ती थोर आहेच, पण कुत्र्याच्या दृष्टीने पाहिले तर मागे माणूस धावला म्हणून ते आणखी जोरात पळाले असणार.

कुत्री दत्तक देणाऱ्यांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ आडाखा चालतो. तीन दिवस नुसती भीती, तीन आठवड्यांत घराची वेळापत्रके समजू लागतात आणि तीन महिन्यांत खरा स्वभाव दिसतो. हे शास्त्र नाही. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला याहून अधिक काळ लागलेला मी अनेकदा पाहिला आहे. तुम्ही अकराव्या दिवशी आहात. फोनवर ‘वेळ द्या’ म्हणणाऱ्या माणसाचे चुकले नाही, पण तो वेळ कसा द्यायचा ते त्याने सांगितले नाही.

त्याआधी एक शंका फिटली पाहिजे. कोपऱ्यात बसणे आणि न खाणे ही भीतीची लक्षणे आहेत तशीच तापाचीही आहेत. शेल्टरमध्ये गोचिडी असतात, आणि गोचिडीतून होणारा ताप आपल्याकडे अगदी नेहमीचा आहे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच असते, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही. या आठवड्यातच पशुवैद्याकडे न्या, रक्त तपासून घ्या, हिरड्या फिकट आहेत का ते दाखवा आणि लघवीचीही तपासणी करून घ्या. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने किंवा नसबंदीनंतर काही माद्यांना होणाऱ्या लघवी न थांबण्याच्या त्रासाने तुम्ही महिनाभर तिला ‘शिकवत’ बसाल आणि ती बिचारी आजारी असेल, असे व्हायला नको. शेल्टरकडून रेबीजच्या लसीची तारीख, लसीच्या बाटलीवरचे चिकटवलेले लेबल आणि डॉक्टरांची सही असलेले कार्ड, नसबंदीची तारीख आणि दत्तक कराराची प्रत लेखी मागून घ्या. महापालिकेचा परवाना काढताना रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागतेच. कार्ड मिळाले नाही तर लस झालीच नाही असे धरून डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा द्या.

लघवी तपासून सगळे ठीक निघाले, तर पायपुसण्याचे कोडे सोपे आहे. अनेक शेल्टरमध्ये पिंजऱ्यातल्या सिमेंटच्या जमिनीवर गोणपाट टाकलेले असते. कुत्रे लघवीची जागा पायाला लागणाऱ्या स्पर्शावरून लक्षात ठेवते, आणि तुमच्या चकचकीत फरशीवर तिला ओळखीची वाटणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे काथ्याचे पायपुसणे. तिच्या लेखी ती योग्य ठिकाणीच जाते आहे. तेव्हा पायपुसणे काही दिवस उचलून ठेवा. किराणावाल्याकडून एक जुने गोणपाट आणा, तिने घाण केलेल्या पायपुसण्याचा तुकडा त्याला बांधा आणि खाली इमारतीच्या मागच्या बाजूला, जिथे वर्दळ नाही, तिथे मातीवर अंथरा. लिफ्टने नेऊ नका. पहाटे किंवा रात्री उशिरा, जिन्याने, तिच्या गतीने न्या, आणि तिथे पोहोचल्यावर तुम्ही नुसते उभे राहा, वीस मिनिटे लागली तरी. पहिल्यांदा तिने तिथे लघवी केली की लगेच पनीरचा तुकडा द्या. पुढे दर दोन-तीन दिवसांनी गोणपाट कापून लहान करत न्या. घरातली जागा पुसताना फिनेलवर विसंबू नका, त्याने आपल्या नाकाचे समाधान होते, तिच्या नाकाचे होत नाही. लघवीचा वास मोडणारे एन्झाइमचे द्रावण पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. आणि बाहेर नेताना गळ्यातल्या पट्ट्याच्या जोडीला छातीचा हार्नेसही घाला, दोन्हींना साखळी अडकवा. घाबरलेले कुत्रे मागे सरकून मान पट्ट्यातून अलगद काढून घेते, आणि तुमच्या परिसराची ओळख नसलेली तांबू एकदा सुटली तर सापडणे फार कठीण.

आता गुरगुरण्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची ओळ तीच आहे. सासूबाई काठी घेऊन चालतात, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मला वाटते, तांबू सासूबाईंवर गुरगुरली नाही, काठीवर गुरगुरली. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याच्या जगात काठीचा एकच उपयोग असतो. तुम्हीच ताळा करून पाहा : सासूबाई खुर्चीत बसलेल्या असताना ती गुरगुरते का? मुलगा झाडू घेऊन आला तर काय करते? पहाटेचा अर्धवट उजेड, अरुंद बोळ, पलंगाखालून दिसणारे दोन पाय आणि त्यांच्या पुढे टक् टक् करत येणारी काठी, हे तिच्या उंचीवरून एकदा, खरोखर जमिनीवर आडवे होऊन, बघा. गुरगुरल्याबद्दल तिला ओरडू नका आणि मारू तर मुळीच नका. गुरगुरणे ही तिची भाषा आहे; ती ‘मागे व्हा’ असे सांगते आहे. ते सांगणे दटावून बंद केले तर कुत्रे गुरगुरायचे सोडते आणि थेट चावते.

उपाय असा. पहिले, सासूबाईंची खोली ते न्हाणीघर हा रस्ता आजपासून तांबूला बंद. लहान मुलांसाठी जिन्याला लावतात तसे छोटे फाटक बोळाला लावा किंवा तिची पलंगाखालची जागाच दुसऱ्या खोलीत हलवा. त्या वयात, त्या गुडघ्यावर, कुत्रे पायात आले तर चाव्यापेक्षा पडण्याचे भय अधिक आहे. दुसरे, घरात जादाची काठी असेल तर ती तांबूच्या खोलीत भिंतीशी जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्या आसपास रोज पनीरचे चार तुकडे टाका, तुम्ही तिथून निघून जा. ती काठीजवळ निर्धास्त खाऊ लागली की काठी भिंतीला टेकवून उभी करा. मग सासूबाईंनी खुर्चीत बसून, काठी मांडीवर आडवी धरून, तिच्याकडे न पाहता एखादा तुकडा लांब टाकावा. उभे राहणे आणि चालणे सर्वांत शेवटी. एका पायरीवर ती अडखळली तर मागच्या पायरीवर या. माळकरी घरात चिकन आणायची गरज नाही, पनीर, उकडलेले रताळे यांवर हे काम होते. जेवणाचे म्हणाल, तर कुत्रे शाकाहारावर राहूच शकत नाही असे नाही, मात्र दूध-पोळी हे पूर्ण जेवण नव्हे. पशुवैद्याला विचारून समतोल शाकाहारी खाद्य ठरवा, आणि कांदा-लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट तिच्या तोंडी जाऊ देऊ नका. त्या शेल्टरवाल्यांना हेच विचारायचे होते. त्यांनी ते सासूबाईंच्या तुळशीच्या माळेकडे पाहून विचारले, हा त्यांचा दोष.

चुकून दात लागलाच, कितीही किरकोळ असो आणि लस झालेली असो, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यजमानांचे म्हणणे तुम्ही पापाच्या भाषेत घेतले आहे, तशी गरज नाही. कुत्रे जिथून आणले तिथे सांगून-सवरून परत देणे हे पाप नाही. चांगले शेल्टर तर करारातच लिहून घेते की जमले नाही तर आमच्याकडेच आणा. पाप आणि गुन्हा दोन्ही आहे तो कुत्रे लांब नेऊन सोडून देणे. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार अपराध आहे, आणि त्याचा पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये आहे. त्या काळी पन्नास रुपये ही रक्कम असेल. आज त्यात कुत्र्याचा पट्टाही येत नाही.

मात्र परत करायचे की नाही, हे आज ठरवू नका. सहा आठवड्यांनंतरची एक तारीख घरातल्या चौघांनी मिळून कॅलेंडरवर लिहा आणि तोपर्यंत हा विषय जेवणाच्या पानावर काढायचा नाही असे ठरवा. त्या दिवशी तीनच गोष्टी पाहा : ती तुमच्यासमोर खाते का, खाली लघवी करते का, आणि सासूबाई काठी घेऊन चालल्या तर ती शांत राहते का. पहिल्या दोन गोष्टी न जमणे हे परत करण्याचे कारण होऊ शकत नाही, त्या उशिरा का होईना जमतात. तिसरी न जमली, आणि भीती कमी होण्याऐवजी वाढत चालली असेल, तर कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला एकदा घरी बोलवा. त्यानेही भागले नाही तर सासूबाई ज्या घरात राहतात तिथे तांबूने राहू नये, आणि त्यात तुमचा कोणाचाही कमीपणा नाही. तसे झाल्यास तिला पिंजऱ्यात परत पाठवण्याऐवजी तुमच्याच घरी ठेवून, काठी नसलेले दुसरे घर शोधण्याची मदत शेल्टरकडे मागा. तिच्याविषयी आता तुमच्याइतकी माहिती जगात कोणालाही नाही. ती सगळी, काठी आणि गोणपाटासकट, एका कागदावर लिहून नव्या घराला द्या, म्हणजे तुम्हाला जे कोणी सांगितले नाही ते त्यांना तरी ठाऊक असेल.

जमिनीवर आडवे होऊन त्या बोळाकडे पाहाल तेव्हा सकाळची वेळ निवडा आणि सासूबाईंना खरोखर चालत यायला सांगा. काठीच्या टोकाला रबराचे बूच आहे की झिजून गेले आहे, तेही त्याच वेळी तपासा. झिजले असेल तर औषधांच्या दुकानात नवे मिळते, त्याने टक् टक् थांबेल आणि सासूबाईंचा पायही घसरणार नाही. पुढे काय झाले ते मला कळवा.